बीओएस की रॅस: माझ्या रिजेक्शनचं नाव ठरेपर्यंत

माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत २.९० असं लिहिलेलं आहे. लिटर. छातीत मावेल तेवढी हवा भरून घेऊन जीव खाऊन फुंकलं, की पहिल्या सेकंदात बाहेर पडते तेवढी हवा. पीएफटीच्या, म्हणजे फुफ्फुसांची क्षमता मोजण्याच्या, खोलीत याला एफईव्ही-वन म्हणतात. फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर तुम्ही कधीतरी फुंकलेले दोन सर्वांत चांगले आकडे घ्यायचे, त्या दोघांत किमान ३ आठवड्यांचं अंतर हवं, आणि त्यांची सरासरी काढायची. ती झाली तुमची बेसलाइन. पुढे आयुष्यभर तुमची तुलना तुमच्याशीच. शेजारच्या बेडवरचा माणूस किती फुंकतो याला काही अर्थ नाही.

माझी मूळची दोन्ही फुफ्फुसं फायब्रोसिसने, म्हणजे व्रणांनी भरून, गेली होती. नवी मिळाल्यावर २.९० पर्यंत पोचायला बराच काळ लागला, मग आकडा तिथेच रेंगाळला आणि मी त्याच्याकडे बघणं जवळजवळ सोडून दिलं. घरच्या छोट्या स्पायरोमीटरवर सकाळी फुंकायचं, वहीत लिहायचं, संपलं. आमच्या टीमचा नियम साधा होता: आकडा १० टक्क्यांनी उतरला आणि उतरलेलाच राहिला, तर फोन करायचा. वाट बघायची नाही, सर्दी आहे म्हणून सोडून द्यायचं नाही.

सर्दी खरंच झाली होती. व्हायरल. ती गेली, पण आकडा २.६१ वर उतरला तो वर आलाच नाही. गंमत म्हणजे मला काहीच होत नव्हतं. जिने चढत होते, फोनवर तासभर बोलत होते. फोनवर कोऑर्डिनेटर सिस्टरांना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतंय ते नंतर सांगा, आधी वही घेऊन या."

त्यांचं बरोबर होतं, आणि त्यामागचं कारण मला पुढे मॅडमनी नीट समजावलं. मॅडम म्हणजे आमच्या फुफ्फुसतज्ज्ञ. श्वासनलिका फांद्या फुटत फुटत बारीक होत जाते, आणि शेवटी २ मिलिमीटरपेक्षाही अरुंद नळ्या उरतात. त्यांची संख्या इतकी प्रचंड असते की हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा अगदी थोडा. त्यामुळे त्यांतल्या बऱ्याच बुजल्या तरी माणसाला पत्ता लागत नाही, आणि फुंकण्याच्या आकड्यालाही उशिराच लागतो. क्रॉनिक रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने परकं फुफ्फुस हळूहळू नाकारत जाण्याचा, नेहमीचा प्रकार नेमका याच नळ्यांवर बसतो. म्हणजे आकडा हलला, तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. शिवाय प्रत्यारोपित फुफ्फुसाच्या नसा कापलेल्या असतात, त्यामुळे टाक्यांच्या खालच्या भागातून खोकल्याची ढासही नीट येत नाही. तक्रार करणारी घंटाच तोडलेली. मग भरवसा कशाचा, तर वहीचा.

पुढच्या काही आठवड्यांत आकडा २.४५ झाला आणि मग २.२७. बेसलाइनच्या ८० टक्के म्हणजे २.३२. ती रेषा ओलांडली, आणि फाइलवर पहिल्यांदा "सस्पेक्टेड क्लॅड" असं आलं. क्लॅड हे छत्रीसारखं नाव. बदललेलं फुफ्फुस दीर्घकाळासाठी कमी काम करू लागलं, इतकाच त्याचा अर्थ. का आणि कोणत्या तऱ्हेने, ते खाली वेगळं लिहायचं. सध्या सगळीकडे वापरली जाणारी व्याख्या २०१९ सालची आहे. ती वेळेवर चालते. आकडा २० टक्के किंवा अधिक घसरला की "संशय". ३ आठवड्यांनंतरही खालीच असेल तर "बहुधा". ३ महिने उलटूनही खालीच, आणि दुसरं कुठलंही कारण सापडत नसेल, तर "निश्चित". थोडक्यात, या आजाराचं निदान करायला वाट पाहावीच लागते. कुठल्याही रक्ततपासणीत तो एका दुपारी सापडत नाही. माझी ताई प्रत्येक भेटीला माझ्यासोबत असायची. ती एकदा वैतागून म्हणाली, "म्हणजे अजून बिघडेपर्यंत थांबायचं?" मॅडम म्हणाल्या, "थांबायचं नाही. तोवर बाकी सगळं खोडत जायचं."

तर खोडणं सुरू झालं. टॅक्रोलिमसची, म्हणजे रिजेक्शन रोखणाऱ्या रोजच्या औषधाची, ट्रफ लेव्हल: पुढचा डोस घ्यायच्या आधीचं रक्त. संसर्गाच्या तपासण्या, सायटोमेगॅलोव्हायरससकट. छातीत पाणी आहे का, छातीखालचा श्वासाचा पडदा नीट हलतो का, वजन वाढलंय का. (वजन वाढलं तरी फुंकण्याचे आकडे उतरतात, हे मला तेव्हा कळलं.) आणि ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघणं. टाक्यांच्या जागी नळी आवळली असेल तरी एफईव्ही-वन घसरतो, आणि ते असेल तर तिथे फुगा घालून रुंद करता येतं. आवळलेलीच निघू दे, असं मी मनात म्हणत होते. तसं काही निघालं नाही.

ब्रॉन्कोत त्यांनी सलाइन सोडून परत ओढून घेतलं, त्याला लॅव्हाज म्हणतात, आणि चिमट्याने फुफ्फुसाचे बारीक तुकडे घेतले. बायोप्सीचा रिपोर्ट आला: ए-झिरो. म्हणजे अक्यूट, अचानक उसळणारं, रिजेक्शन नाही. ताईने रिपोर्ट वाचून मला मिठीच मारली. मॅडमनी तो शांतपणे बाजूला ठेवला. या टप्प्यावर रुग्ण आणि डॉक्टर दोन वेगळ्या भाषांत बोलत असतात, असं मला आजही वाटतं. आम्हाला "बायोप्सी क्लीन" म्हणजे सुटलो. त्यांना मात्र ठाऊक असतं की बुजलेल्या बारीक नळ्या फुफ्फुसभर विखुरलेल्या असतात. इथे एक, तिथे एक. चिमट्यात येणाऱ्या तुकड्यांत त्या सापडतीलच असं नाही, बहुतेकदा सापडतच नाहीत. म्हणूनच क्रॉनिक रिजेक्शनचं निदान तुकड्यावरून न करता फुंकण्यावरून करतात. बायोप्सीचा उपयोग बाकीच्या गोष्टी नाकारण्यापुरता. हे कुणीतरी आम्हाला रिपोर्ट हातात देण्यापूर्वी सांगायला हवं होतं.

लॅव्हाजच्या पाण्यात मात्र न्यूट्रोफिल, म्हणजे सुजेत जमणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढलेले होते. त्यावरून ॲझिथ्रोमायसिन सुरू झालं: २५० मिलिग्रॅम, आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार. त्याआधी ईसीजी, कारण हे औषध हृदयाच्या ठोक्यातला एक ठरावीक अवधी लांबवू शकतं. हे अँटिबायोटिक असलं तरी इथे ते जंतू मारायला देत नाहीत, सूज शमवायला देतात. काही रुग्णांची फुफ्फुसं त्यावर खरोखर उभारी धरतात, आकडा पुन्हा ८० टक्क्यांच्या वर जातो, आणि मग त्याला क्लॅड म्हणतच नाहीत. ज्यांच्या लॅव्हाजमध्ये न्यूट्रोफिल जास्त, त्यांच्यात ही शक्यता अधिक. निदान ८ आठवडे तरी औषध द्यायचं आणि मग बघायचं.

त्या आठवड्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रोज सकाळी फुंकायचे आणि रोज मनातल्या मनात दशांशाशी भांडायचे. कधी २.३० दिसलं की दिवस बरा जायचा, २.१९ दिसलं की पुन्हा फुंकायचे, पुन्हा, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत. शेवटी ताईने स्पायरोमीटर स्वतःच्या ताब्यात घेतलं आणि नेमून दिलेल्या प्रयत्नांपलीकडे हात लावू देईना. ८ आठवड्यांनी हॉस्पिटलच्या मशीनवर आकडा आला २.२०. ७६ टक्के. औषधाने उचललं नव्हतं.

आता प्रश्न उरला तो कोणत्या प्रकारचं. इथेच माझी खरी भीती सुरू झाली.

क्लॅडचे मुख्य प्रकार चार. बीओएस, म्हणजे ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स सिंड्रोम: बारीक नळ्या आतून व्रणाने बुजतात, हवा बाहेर पडायला अडते. रॅस, म्हणजे रिस्ट्रिक्टिव्ह अलोग्राफ्ट सिंड्रोम: फुफ्फुसाचा गरच व्रणाने भरतो, फुफ्फुस आक्रसतं, हवा आत मावेनाशी होते. तिसरा मिश्र, ज्यात दोन्हीची लक्षणं एकत्र. आणि चौथा प्रामाणिक: "अनिश्चित", म्हणजे कशातच पुरता बसत नाही. बहुतेकांच्या वाट्याला बीओएस येतो. रॅस कमी जणांना होतो, पण तो जास्त निर्दय आहे. बीओएसचं निदान झाल्यावर जगण्याचा मध्यक साधारण ३ ते ५ वर्षं सांगतात. रॅसमध्ये १ ते २, कधी त्याहूनही कमी.

फायब्रोसिस मी एकदा भोगून झाले होते. व्रणांनी भरलेलं, आक्रसलेलं फुफ्फुस काय करतं हे मला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. हवा पुढ्यात असूनही छाती ती घेईना, हा अनुभव मला पाठ होता. म्हणून मी स्वतःच निदान करायला बसले. श्वास घेताना अडतंय की सोडताना? रात्री दिवा मालवून, हात पोटावर ठेवून मी हे तपासत राहायचे. मला वाटायचं, सोडताना अडतंय. श्वास पुरता बाहेर पडायच्या आधीच पुढचा घ्यायची वेळ येतेय. पण भीतीने भरलेल्या माणसाच्या छातीवर कोण विश्वास ठेवणार?

मशीनवर ठेवता येतो. पीएफटीच्या खोलीत एक काचेची पेटी असते, फोनबूथएवढी. आत बसवतात, दार घट्ट लावतात, नाकाला चिमटा, तोंडात नळी, दोन्ही तळहातांनी गाल दाबून धरायचे, आणि तंत्रज्ञ सांगेल तेव्हा छोटे छोटे धापेसारखे श्वास घ्यायचे. मध्येच नळीतली झडप बंद होते आणि तुम्ही बंद नळीवर धापा टाकत राहता. विचित्र प्रकार आहे, पण दुखत नाही. पेटीतल्या दाबावरून फुफ्फुसात एकूण किती हवा मावते ते काढतात: टीएलसी. साध्या फुंकण्यातून हे कळत नाही. रॅस म्हणायचं तर टीएलसी बेसलाइनपेक्षा १० टक्के किंवा जास्त घटलेली हवी, आणि सीटीवर हटता न हटणारी पांढुरकी सावली हवी. माझी बेसलाइन टीएलसी ५.२ होती. त्या दिवशी ५.१ आली. फुंकण्याच्या आलेखाची उतरती बाजूही आत खोल गेलेली होती. जोरात फुंकून बाहेर आलेली सगळी हवा, म्हणजे एफव्हीसी, ३.४, तिच्यातली पहिल्या सेकंदातली २.२०. गुणोत्तर ०.७ च्या खाली. म्हणजे अडथळा.

सीटी दोनदा काढला, एकदा श्वास भरून धरून, एकदा पूर्ण सोडून धरून. सोडलेल्या श्वासाच्या चित्रात फुफ्फुस सगळीकडे सारखं दाटायला हवं. माझ्यात काळे ठिपके मधे मधे तसेच राहिले होते. तिथे हवा अडकून पडली होती. सावली कुठेही नव्हती. बीओएस. स्टेज १, कारण आकडा ६५ ते ८० टक्क्यांच्या दरम्यान होता. मॅडमनी हे सांगितलं आणि मला आनंद झाला. रिजेक्शनच्या निदानाने आनंद होणारी मी पहिली नसेन.

तो आनंद मला फार दिवस पुरला नाही, कारण काका. माझ्यानंतर काही आठवड्यांनी प्रत्यारोपण झालेले गृहस्थ. फिजिओच्या खोलीत आमची ओळख झाली आणि आम्ही सगळेच त्यांना काका म्हणायचो. त्यांचाही आकडा उतरला होता, माझ्याच सुमारास, जवळजवळ तेवढ्याच टक्क्यांनी. फोनवर आम्ही आकड्यांची तुलना करायचो, आणि दोघांचं एकच आहे असं धरून चाललो होतो. त्यांचं गुणोत्तर मात्र छान होतं, ०.८ च्या वर. "अगं, माझं गुणोत्तर तुझ्यापेक्षा चांगलं आलंय," असं ते अभिमानाने म्हणाले होते. ते चांगलं होतं, कारण दोन्ही आकडे एकत्र घसरत होते. टीएलसी घटली होती. सीटीत दोन्ही बाजूंच्या वरच्या भागात, आवरणाला लागून, दाट पांढरे पट्टे होते. त्यांच्या रक्तात डोनरच्या फुफ्फुसाविरुद्धच्या अँटिबॉडीही सापडल्या, ज्यांना डीएसए म्हणतात. माझ्यात त्या नव्हत्या. अशा अँटिबॉडी दोन्ही प्रकारांत दिसू शकतात, पण रॅसशी त्यांचं नातं जास्त घट्ट आहे.

हे वेगळेपण डॉक्टरांनाही फार जुनं ठाऊक नाही. बारीक नळ्या बुजतात हे १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हृदय आणि फुफ्फुस दोन्ही बदललेल्या रुग्णांत नोंदवलं; टोरोंटोतलं पहिलं दीर्घकाळ टिकलेलं फुफ्फुस प्रत्यारोपण त्याच्या आदल्याच वर्षीचं. तिथून पुढे कितीतरी वर्षं क्रॉनिक रिजेक्शन म्हणजे बीओएस, असंच समीकरण होतं. रॅसला वेगळं नाव २०११ मध्ये टोरोंटोच्याच गटाने दिलं. त्याआधीच्या काळात काकांना आणि मला एकच लेबल लागलं असतं, एकच अंदाज सांगितला गेला असता, आणि तो त्यांच्यासाठी पार चुकीचा ठरला असता. नाव वेगळं झाल्याने त्यांना औषध मिळालं असं नाही; रॅसवर खात्रीचं औषध आजही नाही. पण त्यांच्या घरच्यांना निदान खरं सांगता आलं. काका त्या वर्षाचा शेवट पाहू शकले नाहीत.

माझ्या उपचारांची कथा त्या मानाने संथ आहे. मला वाटत होतं, रिजेक्शन म्हणजे आता स्टेरॉइडचे मोठे डोस. मॅडमनी नाही म्हटलं: बीओएसमध्ये मोठ्या डोसांचं दीर्घकाळ स्टेरॉइड फायद्याचं ठरत नाही, त्रास मात्र पुरेपूर देतं. ॲझिथ्रोमायसिन चालूच ठेवलं. पोटातलं आम्ल वर येऊन नकळत श्वासनलिकेत झिरपतं का, हे पाहायला नाकातून नळी घालून २४ तास मोजणी केली. तसं झिरपणं नव्या फुफ्फुसाला घातक असतं आणि काहींना त्यासाठी फंडोप्लिकेशनची, म्हणजे आम्ल वर येऊ न देणारी, शस्त्रक्रिया करतात. माझा रिपोर्ट ठीक होता.

तरी आकडा १.८० वर आला. ६२ टक्के, स्टेज २. मग फोटोफेरेसिस. रक्त मशीनमध्ये घेतात, पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात, त्यांत मेथॉक्सॅलेन नावाचं औषध मिसळून त्यांच्यावर अतिनील प्रकाश टाकतात आणि त्या परत शरीरात सोडतात. लागोपाठ दोन दिवस, मग मध्ये खंड, पुन्हा दोन दिवस. पुढे अंतर वाढत जातं. उपचारानंतर दिवसभर गडद चष्मा घालायचा, घरातही, कारण ते औषध डोळ्यांना आणि त्वचेला प्रकाश सोसू देत नाही. शिरा सापडेनाशा झाल्या की सगळ्यांत जास्त कंटाळा येतो. पण बाकीच्या औषधांसारखी ही पद्धत प्रतिकारशक्ती सरसकट दाबत नाही, त्यामुळे संसर्गाची धास्ती वाढत नाही, आणि एवढ्यावर मी शिरांची कटकट सोसते. गेलेलं परत मिळेल असं कुणी सांगितलं नव्हतं. घसरण मंदावते का, एवढंच पाहायचं होतं. बीओएसमध्ये रॅसपेक्षा ती शक्यता बरी. माझा आकडा १.७५ च्या आसपास बराच काळ टिकून आहे. आता जिने चढताना मध्ये थांबते. फोनवर तासभर बोलणं बंद झालंय. ताई म्हणते, घरात शांतता आली.

पुन्हा प्रत्यारोपणाचा विषय मॅडमनीच काढला. बीओएससाठी केलेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणाचे निकाल रॅससाठी केलेल्यापेक्षा चांगले असतात, म्हणून माझ्या बाबतीत तो पर्याय उघडा आहे. मूत्रपिंडं आणि ताकद टिकवून धरली तर. इतकी वर्षं टॅक्रोलिमस घेतल्यावर मूत्रपिंडांचं काही सांगता येत नाही. मूल्यांकनाला मी होकार दिलाय, शस्त्रक्रियेला अजून नाही. ताईचा आग्रह आहे, माझा विचार चालू आहे.

मी मॅडमना विचारलं होतं, की एकदा बीओएस ठरला म्हणजे कायमचा बीओएस का. त्या म्हणाल्या, नाही, काही जणांत पुढे आक्रसणंही सुरू होतं आणि प्रकार मिश्र होतो. त्यामुळे आता घरी फक्त फुंकते, पण हॉस्पिटलमध्ये गेलं की काचेच्या पेटीतही बसवतात आणि ठरावीक काळाने सीटीही होतो. टीएलसीची माझी धोक्याची रेषा ४.६८ आहे. मागच्या वेळी ५.० आली होती.